शॉट कशासाठी बदलायचा?

ॲनिमेशन शिकवणाऱ्या अनेक वर्गांत पहिल्या लघुपटाच्या वेळी विद्यार्थ्याच्या हाती एक यादी दिली जाते. एस्टॅब्लिशिंग शॉट, लाँग शॉट, मिड शॉट, क्लोजअप, एक्स्ट्रीम क्लोजअप, खांद्यावरून घेतलेला शॉट, लो अँगल, हाय अँगल, थेट वरून दिसणारा शॉट. लघुपट अर्ध्या मिनिटाचा असो नाहीतर मिनिटभराचा, त्याचा स्टोरीबोर्ड आधी काढायचा आणि त्यात या यादीतले जमतील तितके प्रकार बसवायचे, असा दंडक असतो. गुण देण्याच्या तक्त्यातही ‘शॉट्समधील विविधता’ असा वेगळा रकाना सापडतो. शिकवणीचे व्हिडिओ त्याच्याही पुढे जातात. तीन-चार सेकंदांपेक्षा जास्त वेळ एकच शॉट ठेवलात तर प्रेक्षक उठून जाईल, असा धाक ते घालतात.

हे म्हणणे इतके रुळले आहे की आता त्याला कोणी मत समजत नाही. ते चित्रपटाचे व्याकरणच मानले जाते. मला ते मान्य नाही. माझ्या मते ही शेजारच्या धंद्यातली सवय आहे, तिथे ती उपयोगी आहे, आणि ॲनिमेशनच्या लघुपटात ती बहुतेक वेळा नडते. स्टोरीबोर्डच्या मी विरोधात नाही. मी त्याचा कैवारी आहे, म्हणूनच त्याला शॉटच्या प्रकारांचा नमुना-अल्बम केलेले मला बघवत नाही.

प्रतिपक्षाचे म्हणणे दुबळे करून मग त्याला हरवण्यात पुरुषार्थ नाही, तेव्हा पूर्वपक्ष आधी पुरत्या ताकदीने मांडतो. एक: सुरुवातीच्या काळात सिनेमाचा कॅमेरा नाटकाच्या प्रेक्षकासारखा एका जागी बसलेला असे. तो उठला, जवळ गेला, बाजूला गेला, आणि तुकडे जोडून अर्थ निर्माण होऊ लागला, तेव्हाच सिनेमा स्वतंत्र कला झाली. मग ॲनिमेशनने मागे का जावे? दोन: ॲनिमेशनमध्ये कॅमेऱ्याला वजन नाही, क्रेनचे भाडे नाही. वाटेल तिथे ठेवता येतो, तर का ठेवू नये? तीन: क्लोजअपमुळे कष्ट वाचतात. चालणारा अख्खा माणूस काढण्यापेक्षा नुसता चेहरा आणि हलणारे ओठ काढणे सोपे. चार: आजचा प्रेक्षक मोबाइलवर बघतो, त्याचे बोट पुढच्या व्हिडिओकडे सरकायला टपलेले असते.

यातला चौथा मुद्दा चटकन निकालात निघतो. बोट थांबते ते पुढे काय होणार या उत्सुकतेने. चित्राचा कोन बदलला म्हणून ते थांबत असते, तर प्रत्येक लग्नाचा व्हिडिओ लोकांनी शेवटपर्यंत पाहिला असता.

तिसऱ्या मुद्द्यात तथ्य आहे. ओसामू तेझुका यांची ‘ॲस्ट्रो बॉय’ ही मालिका जपानी दूरचित्रवाणीवर 1963 साली सुरू झाली. दर आठवड्याला एक भाग द्यायचा, पैसा तुटपुंजा. तेव्हा स्थिर चित्रे, पुन्हा पुन्हा वापरलेले तुकडे आणि नुसते ओठ हलणारे चेहरे यांवरच त्यांनी गाडा हाकला. पण ही काटकसर मालिकेची होती. तिथे एकदा रंगवलेली पार्श्वभूमी आणि एकदा काढलेली धाव पुढच्या कित्येक भागांत कामी येते. मिनिटभराच्या लघुपटात हे गणित उलटते. सेकंदाला 24 फ्रेम. एक चित्र दोन फ्रेम ठेवायचे म्हटले तर सेकंदाला 12 चित्रे, मिनिटाला 720. या मिनिटाचे अडीच-अडीच सेकंदांचे 24 शॉट पाडले, तर 24 लेआउट हवेत, बहुधा तितक्याच पार्श्वभूमी, प्रत्येकीत उजेड कुठून येतो याचा वेगळा विचार, आणि पात्र त्या प्रत्येक कोनातून ओळखू येईल असे काढण्याची कसरत. खालून पाहिलेली हनुवटी आणि वरून पाहिलेले डोके काढताना मुरलेल्या चित्रकारांनाही घाम फुटतो. दुसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्याचे पात्र तिथे हटकून वेगळेच कोणीतरी दिसू लागते. थ्रीडीमध्ये पार्श्वभूमी पुन्हा रंगवावी लागत नाही हे खरे. पण एका कोनातून छान दिसलेली पोझ दुसऱ्या कोनातून लंगडी पडते, ती पुन्हा बसवावी लागते, आणि प्रकाशयोजना शॉटगणिक पुन्हा तपासावी लागते. वाचलेले कष्ट शेवटी जातात कुठे, हे सत्राच्या अखेरच्या आठवड्यात कोणत्याही संगणक-खोलीत डोकावले की दिसते.

आता पहिल्या दोन मुद्द्यांकडे वळतो, कारण खरी गल्लत तिथे आहे.

प्रत्यक्ष चित्रीकरणात दिग्दर्शक एकच प्रसंग लांबून घेतो, जवळून घेतो, या पात्राच्या बाजूने घेतो, त्या पात्राच्या बाजूने घेतो. याला कव्हरेज म्हणतात. नट उभे आहेत, दिवे लागले आहेत, दिवसाचे भाडे भरलेले आहे. उद्या संपादनाच्या टेबलावर काय कमी पडेल कोण जाणे, तेव्हा हाताशी साठा असलेला बरा. निरनिराळ्या शॉटची यादी मूळची या सावधगिरीतून आली आहे. संपादक त्या साठ्यातून निवडतो, बराचसा भाग फेकून देतो, आणि फेकण्यात फारसे नुकसान नसते. ॲनिमेशनमध्ये असा साठा करताच येत नाही. फेकलेली प्रत्येक फ्रेम कोणीतरी हाताने काढलेली किंवा पोझ लावून बसवलेली असते. म्हणून ॲनिमेशनमध्ये संपादन आधी होते आणि चित्रण नंतर. ते संपादन ज्या टेबलावर होते, त्याचे नाव स्टोरीबोर्ड. त्यावर सगळे प्रकार मांडून ठेवायचे म्हणजे न निवडलेल्या साठ्यालाच सिनेमा म्हणायचे.

स्टोरीबोर्ड जन्माला आला तोही काढून टाकण्याच्या सोयीसाठी. 1930 नंतरच्या पहिल्या काही वर्षांत डिस्ने स्टुडिओत प्रसंगांची चित्रे सुट्या कागदांवर काढून टाचण्यांनी फळ्यावर लावण्याची पद्धत पडली. तिचे श्रेय वेब स्मिथ या कथाविभागातल्या चित्रकाराला देतात, आणि 1933 चा ‘थ्री लिटल पिग्ज’ हा असा पूर्ण फळ्यावर रचलेला पहिला लघुपट मानला जातो. वहीत काढलेले चित्र वहीतच राहते. टाचणीने लावलेले चित्र उपटता येते, सरकवता येते, केराच्या टोपलीत टाकता येते. सहकाऱ्यांसमोर फळा ‘वाचून’ दाखवायचा, जिथे हशा पिकला नाही तिथले कागद उतरवायचे, अशी ती रीत होती. हीच डिस्नेची रीत आपल्याकडेही आली. मुंबईत फिल्म्स डिव्हिजनच्या व्यंगचित्रपट विभागात 1956 साली डिस्नेचे ॲनिमेटर क्लेअर वीक्स शिकवायला आले, आणि राम मोहन यांच्यासारखी भारतीय ॲनिमेशनची पहिली फळी त्या विभागात तयार झाली. त्या पिढीचा वारसा आपण सांगतो, पण टाचणी उपटण्याची सवय मात्र आपण तिथेच सोडून आलो.

पूर्वपक्षाला ज्या प्रयोगाचा फार आधार वाटतो, तो लेव्ह कुलेशॉवचा. रशियातल्या या शिक्षकाने मोझुखिन या नटाच्या निर्विकार चेहऱ्याचा शॉट घेतला आणि तो सूपच्या वाडग्याला, शवपेटीला असा वेगवेगळ्या चित्रांना जोडला. प्रेक्षकांना त्याच चेहऱ्यावर कधी भूक दिसली, कधी दुःख. तुकड्यांच्या जोडणीतून अर्थ येतो याचा हा पुरावा म्हणून सर्रास दिला जातो, आणि तो बरोबरही आहे. पण या प्रयोगात चेहऱ्याचा शॉट बदलत नाही, याकडे कोणी बोट दाखवत नाही. कोन तोच, अंतर तेच. तो तसाच राहिला म्हणून तर भोवतालच्या बदलाचा अर्थ त्याच्यावर उमटला. दरवेळी चेहरा नव्या कोनातून घेतला असता, तर प्रेक्षकाने अर्थाचे श्रेय कोनाला दिले असते आणि प्रयोग फसला असता. विविधतेच्या वकिलांनी हा साक्षीदार पुन्हा तपासावा.

बोलणे हवेत राहू नये म्हणून एक अर्ध्या मिनिटाची गोष्ट घेतो. गच्चीवर आजी पापड वाळत घालते आहे. जुन्या धोतरावर पापडांच्या पाच रांगा. पलीकडच्या कठड्यावर कावळा. आजी पाठमोरी झाली की कावळा एक रांग पुढे सरकतो. तिने मान वळवली की जागच्या जागी थिजतो आणि आपण इथले नव्हेच असा चेहरा करून पंखात चोच खुपसतो.

यादीबरहुकूम काढलेला बोर्ड कसा होईल, हे डोळ्यांसमोर आणायला कष्ट पडत नाहीत. वरून दिसणारे शहर, मग गच्ची, मग आजीचे सुरकुतलेले हात, मग पडदाभर कावळ्याचा डोळा, मग आजीच्या खांद्यावरून कावळा, मग कावळ्याच्या दोन पायांमधून दिसणारी आजी. भिंतीवर लावला की देखणा दिसेल, आणि त्या रकान्यात पैकीच्या पैकी मिळतील. पण या गोष्टीतली सगळी गंमत आजी आणि कावळा यांच्यामधल्या अंतरात आहे. किती रांगा उरल्या, हे कळले पाहिजे, आणि दोन्ही टोके एका चौकटीत असल्याशिवाय ते कळत नाही. कावळ्याच्या डोळ्यावर कट केला त्याच क्षणी रांगांचा हिशेब तुटला. पुढच्या शॉटमध्ये प्रेक्षक आधी आपण कुठे आहोत ते शोधणार, मग कावळा, मग आजी. तोवर विनोदाची वेळ टळलेली असते.

दुसरा बोर्ड असा. कॅमेरा एकच, किंचित उंचावर, पाचही रांगा सुट्या दिसतील इतका. आजी डावीकडे, कावळा उजवीकडे. नऊ पॅनेलमध्ये चौकट हुबेहूब तीच. बदलते ती फक्त कावळ्याची जागा आणि आजीची मान. मात्र प्रत्येक पॅनेलखाली फ्रेमचे आकडे. पहिल्यांदा आजीची मान वळायला 8 फ्रेम, कावळ्याच्या उडीला 6, थिजून राहायला 20. दुसऱ्यांदा थिजणे 30, कारण या खेपेला आजी जरा जास्त वेळ बघते. तिसऱ्यांदा मान 4 फ्रेममध्ये गर्रकन वळते आणि कावळा एका पायावरच अडकतो. चौथ्या खेपेला आजी वळतच नाही. कावळा वाट बघतो, आणि आपणही. आता चोविसाव्या सेकंदाला एकच कट. आजीच्या पाठीमागे गेलेल्या हाताचा क्लोजअप: एका पापडाचा कोपरा तिने मोडला आहे आणि तो तुकडा धोतराच्या कडेबाहेर सरकवून ठेवला आहे. म्हणजे हा खेळ तिला पहिल्यापासून ठाऊक होता. लाँग शॉटमध्ये हा तुकडा नखाएवढा दिसला असता, म्हणजे दिसलाच नसता. इथे जवळ जाण्यावाचून गत्यंतर नाही, म्हणून जायचे. आणि तोवर कॅमेरा जागचा हललेला नाही, म्हणून तो एक कट दणक्यात लागतो.

नऊ पॅनेल सारखी दिसतात, हा आळस आहे असे कोणी म्हणेल. त्यांनी पॅनेलखालचे आकडे वाचावेत. काम तिथे झाले आहे.

हे माझ्या गच्चीवरच्या कावळ्यापुरते नाही. पोलंडमधल्या वुच शहरातल्या ‘से-मा-फोर’ स्टुडिओत झ्बिग्न्येव्ह रिबचिन्स्की यांनी केलेला ‘टँगो’ सुमारे आठ मिनिटांचा आहे आणि त्यात शॉट म्हणाल तर एक. एक खोली, कॅमेरा समोर, हलत नाही. खिडकीतून चेंडू येतो, त्यामागे मुलगा येतो, चेंडू घेऊन जातो, पुन्हा येतो. मग एक बाई, मग चोर, मग आणखी कोणी. होता होता 36 माणसे त्या खोलीत आपापले चक्र फिरवत राहतात आणि कोणी कोणाला धडकत नाही. त्यासाठी सुमारे 16,000 सेल-मॅट रंगवावे लागले. कोण कितव्या फ्रेमला दारात, कोण कितव्याला टेबलापाशी, हे सगळे आधी कागदावर सोडवल्याशिवाय असा चित्रपट होऊच शकत नाही. ऑस्कर त्याला 1983 साली मिळाले. नियोजन आणि शॉटची विविधता या दोन गोष्टी एकच आहेत, या समजावर ‘टँगो’ पाहिल्यानंतर कोणी ठाम राहत असेल तर त्याच्या चिकाटीचे कौतुक करायला हवे.

मिखाएल डुडॉक द विट यांचा ‘फादर अँड डॉटर’ हा 2000 सालचा लघुपट वेगळ्या प्रकारे हेच सांगतो. वडील होडीतून निघून जातात, मुलगी सायकलवरून त्या काठावर पुन्हा पुन्हा येते. मुलीची तरुणी होते, आई होते, म्हातारी होते. माणसे बहुतेक वेळ लहान, लांब, उंच झाडांच्या आणि सपाट क्षितिजाच्या मानाने इवलीशी. चेहरे जवळून दाखवण्याचा मोह दिग्दर्शकाने जवळजवळ पूर्ण टाळला आहे. यादी हातात असलेल्या परीक्षकाने इथे रडणाऱ्या मुलीचा क्लोजअप मागितला असता. तो दिला असता तर ती एका मुलीची गोष्ट झाली असती, आणि वर्षे निघून गेल्याचा जो भार आठ मिनिटांत छातीवर बसतो तो बसला नसता. तोच काठ तसाच पुन्हा दिसतो आणि सायकलवरची बाई मात्र बदललेली असते. काळ गेल्याचे त्यावरूनच कळते.

आपल्याकडचे उदाहरण बहुतेकांनी लहानपणी दूरदर्शनवर पाहिलेले आहे. विजया मुळे यांनी 1974 साली फिल्म्स डिव्हिजनसाठी केलेल्या ‘एक अनेक और एकता’ची ॲनिमेशनची बाजू भीमसेन यांनी सांभाळली. त्यातली पक्ष्यांची गोष्ट आठवा. जाळ्यासकट सगळे पक्षी उडतात, हे एकाच चौकटीत दिसले पाहिजे. एकेका पक्ष्याचे सुंदर क्लोजअप जोडून ‘अनेक’ सांगता येईलही, पण एकी दाखवता येणार नाही.

तर मग जास्त शॉट असणे वाईटच का? मुळीच नाही. चक जोन्स यांच्या 1957 सालच्या ‘व्हॉट्स ऑपेरा, डॉक?’मध्ये सात मिनिटांच्या आत शंभरावर शॉट आहेत आणि त्यातला एकही काढावासा वाटत नाही. विषयच वाग्नरच्या ऑपेराच्या अवाढव्यपणाची टिंगल हा आहे. प्रचंड सावल्या, टोकाचे कोन, डोंगराएवढे कडे या सगळ्यांशिवाय ती टिंगल उभी राहत नाही. याच जोन्स यांनी 1953 च्या ‘डक अमक’मध्ये क्लोजअपचीच खिल्ली उडवली. बिचारे डॅफी बदक क्लोजअप मागते, तर त्याच्याभोवतीची चौकटच आक्रसून पिटुकली होते; ते आणखी चिडते तेव्हा कॅमेरा इतका अंगावर येतो की पडदाभर तांबारलेले डोळेच दिसतात. दोन्हीकडे शॉटचा आकार हाच आशय आहे. माझा वाद शॉटच्या संख्येशी नाही, संख्येला गुण देण्याशी आहे.

आणि ‘कॅमेरा कुठे ठेवायचा’ हा प्रश्नही ॲनिमेशनमध्ये दरवेळी लागू पडतोच असे नाही. कॅरोलाइन लीफ यांनी कॅनडाच्या नॅशनल फिल्म बोर्डासाठी केलेला ‘द स्ट्रीट’ हा 1976 चा लघुपट काचेवरच्या ओल्या रंगात केला आहे. एक चित्र पुसत पुसत त्यातूनच पुढचे काढायचे. तिथे एका जागेतून दुसऱ्या जागी जाताना कट लागत नाही, कॅमेराही हलत नाही. रंगच वितळतो आणि नवी जागा होतो. ही शक्यता फक्त ॲनिमेशनजवळ आहे, आणि मिड शॉट-क्लोजअपच्या यादीत तिला जागाच नाही. ज्या कलेचा कॅमेरा बहुतांशी मानलेला आहे, तिला खऱ्या कॅमेऱ्याच्या मर्यादांतून निघालेली यादी पाठ करायला लावायची, हा दुसऱ्या मुद्द्यातला विरोधाभास पूर्वपक्षाच्या लक्षात आलेला दिसत नाही.

कुडाळजवळच्या पिंगुळीची चित्रकथी इथे आठवते. ती स्टोरीबोर्डची पूर्वज होती असा दावा मी करत नाही. तसले दावे आपल्याकडे फार स्वस्त झाले आहेत. पण पोथीतले एकेक सुटे चित्र समोर धरून रामायण-महाभारतातली कथा गाणारा ठाकर समाजातला कलाकार एक गोष्ट जाणतो: चित्र किती वेळ समोर धरायचे, हे ठरवणे म्हणजे निम्मी कथा सांगणे. त्या चित्रांत माणसे बहुतेक एका बाजूने पाहिलेली, साधारण एकाच मापाची, क्लोजअप नाही. प्रसंग रंगला की चित्र जास्त वेळ थांबते, सरकता प्रसंग असला की चटकन खाली जाते. आमच्या बोर्डवर चित्रे असतात, पण वेळ लिहिलेली नसते. ॲनिमॅटिक, म्हणजे बोर्डवरची चित्रे कच्च्या आवाजासह ठरल्या वेळेला लावून पाहणे, हे अनेक ठिकाणी सबमिशनच्या आदल्या रात्री उरकले जाते. खरे तर पहिल्या दहा पॅनेलनंतरच ते करायला हवे. निम्मे कट आपोआप गळून पडतात.

तेव्हा शिक्षकांना आणि स्पर्धांच्या परीक्षकांना एक विनंती. पुढचे तक्ते छापायला जाण्याआधी ‘शॉट्समधील विविधता’ हा रकाना खोडा. त्याऐवजी विद्यार्थ्याला प्रत्येक कटखाली एक ओळ लिहायला लावा: या कटनंतर प्रेक्षकाला असे काय कळते, जे आधीच्या शॉटमध्ये कळणे शक्य नव्हते? ओळ लिहिता आली नाही, तर ते पॅनेल उतरवायला सांगा. आणि नऊ पॅनेल सारखी दिसणारा बोर्ड समोर आला, तर गुण कापण्यापूर्वी त्यांच्याखालचे आकडे वाचा.